मागुराचा कृमी आणि रोहूचे जनुक : माशांच्या संसर्गाभ्यासाच्या इतिहासात नागपूरचे स्थान

प्रास्ताविक

केंब्रिजहून निघणाऱ्या 'पॅरासायटॉलॉजी' या नियतकालिकाच्या १९२५ च्या सतराव्या खंडात नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांचा अवघा चार पानांचा लेख प्रसिद्ध झाला. मागूर माशाच्या आतड्यात आढळलेल्या एका लहान, खंडविरहित कृमीचे वर्णन त्यात होते. मोघे यांनी त्याला 'कॅरिओफिलियस इंडिकस' असे नाव दिले. नागपूर विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मध्यप्रांतातील महाविद्यालये त्याआधी अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती, आणि विज्ञानातील स्वतंत्र संशोधनाची परंपरा या शहरात नुकती कोठे रुजू लागली होती. १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स या नावाने सुरू झालेली ही संस्थाच पुढे विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

मोघे यांच्या लेखानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, २०१४ साली, भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतील संशोधकांनी भारतीय कार्प माशांतील 'टीएलआर २२' या जनुकावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. माशाच्या अंगावर उवेसारखा चिकटणारा 'आर्ग्युलस' हा परजीवी बसल्यावर हे जनुक किती प्रमाणात कार्यान्वित होते, आणि तुलनेने प्रतिकारक्षम व सहज बळी पडणाऱ्या कार्पांमध्ये या प्रतिसादात काय फरक पडतो, हा त्या अभ्यासाचा विषय होता. दोन्ही लेखांत एक मासा आहे आणि एक परजीवी आहे. मात्र पहिल्या लेखातील मासा हे केवळ कृमीचे वसतिस्थान आहे, तर दुसऱ्या लेखात प्रश्नच माशाला विचारलेला आहे. हा बदल कसा घडला, तो नागपुरात का घडला नाही, आणि असे असूनही नागपूरच्या जुन्या कामाखेरीज नव्या कामाचे का चालत नाही, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

मोघे यांचा कृमी

कॅरिओफिलिड गटातील कृमी हे पट्टकृमींचेच भाईबंद होत. पण त्यांचे शरीर पट्टकृमीप्रमाणे खंडांच्या साखळीचे बनलेले नसते आणि प्रत्येक कृमीत जननेंद्रियांचा एकच संच असतो. त्यामुळे त्यांना पट्टकृमी म्हणावे की पर्णकृमींच्या जवळचे मानावे, याविषयी त्या काळी बराच वाद होता. मोघे यांच्या कृमीचे स्थानही लगेच हलले. अलाहाबादला काही काळ अध्यापन केलेले आणि नंतर इंग्लंडला परतलेले डब्ल्यू. एन. एफ. वुडलँड यांनी १९२६ मध्ये त्याची गणना 'लायटोसेस्टस' या प्रजातीत केली. मोघे यांनी ही दुरुस्ती मान्य केली, आणि १९३१ मध्ये त्याच नियतकालिकात पुरवणी वर्णन प्रसिद्ध करून कृमीचे नवे नाव स्वतःच वापरले. आपल्या पहिल्या नामकरणाला चिकटून न राहता साहित्य पुन्हा तपासून देण्याची ही वृत्ती नोंदवण्याजोगी आहे. पुढील काळात ती दुर्मीळ झाली.

त्याच १९३१ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले होते. त्याचे अध्यक्ष होते प्राणिशास्त्रज्ञ आर. बी. सेमूर सेवेल. ते भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्या काळातील भारतीय प्राणिशास्त्राचा कल कोणता होता, हे यावरून ध्यानात येते. देशातील प्राण्यांची नोंद अपुरी होती आणि जे आहे त्याला नाव देणे हेच पहिले कर्तव्य मानले जात होते. यजमान प्राणी परजीवीला कसा ओळखतो, हा प्रश्न विचारण्याची साधने तेव्हा नागपुरातच काय, पण जगात कोठेही नव्हती.

प्रश्न मात्र जुना होता. इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या अर्भकात काटा टोचला, तेव्हा त्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना त्यांना दिसल्या. दोन वर्षांनी डबक्यातील 'डॅफ्निया' या सूक्ष्म जलपिसूच्या पारदर्शक शरीरात बुरशीचे बीजाणू आणि भक्षक पेशी यांच्यातील झुंज त्यांनी वर्णन केली. संसर्गाविरुद्धच्या जन्मजात प्रतिकाराचा अभ्यास असा पाण्यातील प्राण्यांपासूनच सुरू झाला. मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले; परंतु त्यानंतरच्या शतकाचा बराच भाग प्रतिपिंडांच्या अभ्यासाने व्यापला आणि भक्षक पेशी पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदापुरत्या उरल्या.

नावांचा सुकाळ

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील प्राणिशास्त्र विभागांत माशांच्या कृमींवरील काम झपाट्याने वाढले. त्याची कारणे उघड आहेत. मासा बाजारात मिळतो, सूक्ष्मदर्शक आणि रंजकद्रव्ये महाविद्यालयात असतात, आणि नव्या जातीचे वर्णन हा प्रबंधाचा मान्यताप्राप्त विषय होता. मराठवाडा, नळदुर्ग, तेरणा अशी स्थळनामे धारण करणाऱ्या लायटोसेस्टसच्या जाती एकामागून एक प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी बहुतेकींचा यजमान तोच मागूर होता. एका माशाच्या आतड्यात निसर्गाने इतक्या जाती का निर्माण कराव्यात, ही शंका फारशी कोणी घेतली नाही.

ती २०११ मध्ये घेतली गेली. अनिर्बान अ‍ॅश, टोमाश शोल्झ आणि त्यांचे सहकारी यांनी भारतासह दक्षिण व आग्नेय आशियातील मागुरांतून नव्याने गोळा केलेले कृमी आणि उपलब्ध जुने नमुने तपासून संपूर्ण गटाची फेरमांडणी केली. बहुसंख्य नावे रद्द ठरली आणि केवळ आठ जाती वैध मानल्या गेल्या. अनेक वर्णने आकुंचन पावलेल्या किंवा काचपट्टीवर दाबून विकृत झालेल्या नमुन्यांवर बेतलेली होती, कित्येकांचे मूळ नमुने तपासणीस मिळालेच नाहीत. या छाननीत मोघे यांचा 'लायटोसेस्टस इंडिकस' टिकून राहिला.

या प्रकरणाचा उल्लेख कोणा एका विभागास दोष देण्यासाठी केलेला नाही. संशोधनाच्या मोजमापाची पद्धतच अशी होती की नवे नाव दिले तर काम झाले, आणि जुने नाव तपासले तर काहीच झाले नाही. तथापि त्याचा एक परिणाम दूरगामी ठरला. पाच-सहा दशके एका माशाचे आतडे इतक्या वेळा उघडले गेले, पण कृमी जेथे चिकटला होता तेथील आतड्याच्या भित्तिकेचे काय झाले, याकडे पाहणारे अभ्यास तुलनेने मोजकेच राहिले. काढून घेतलेला कृमी जपला गेला आणि मासा टाकून दिला गेला.

तलाव, रोहू आणि १९८८

दरम्यान पूर्व विदर्भातील तलावांतील मासाच बदलत होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांतील मालगुजारी तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाच्या जलव्यवस्थापनाच्या कौशल्यातून उभे राहिले. त्यांतील मासेमारी ढिवर समाजाच्या उपजीविकेचे साधन होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्पांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि नदीतून बीज गोळा करण्याची गरज हळूहळू संपली. रोहू, कटला व मृगळ यांचे बीज तलावांत सोडणे हाच मत्स्यविकास ठरला. मागूर आणि मरळ हे हवेतून श्वास घेणारे, चिखलात तग धरणारे स्थानिक मासे ठेक्याच्या हिशोबात बसत नव्हते. बाजारात मात्र ते जिवंत विकले जात आणि त्यांना भावही चांगला मिळे.

रोगाने या हिशोबाकडे पुन्हा पाहण्यास भाग पाडले. १९८८ च्या मे महिन्याच्या सुमारास ईशान्य भारतात माशांवर खोल व्रण पाडणारा साथीचा रोग दिसू लागला. 'साथीचा व्रणरोग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराची नोंद जपानमध्ये १९७१ मध्ये व ऑस्ट्रेलियात १९७२ मध्ये झाली होती. भारतात तो बांगलादेशामार्गे आला व पुढील काही वर्षांत देशभर पसरला. 'अ‍ॅफॅनोमायसिस इनव्हॅडन्स' हा बुरशीसदृश जीव त्याचे मूळ कारण होय. पावसाळ्यानंतर तापमान उतरू लागले की रोग उचल खातो. त्यात मरळ सर्वाधिक बळी पडतो, मागूरही सुटत नाही. परंतु त्याच पाण्यातील सामान्य कार्प, म्हणजे सायप्रिनस, बहुधा निरोगी राहतो. नेमक्या याच विरोधाने संशोधकांचे लक्ष परजीवीकडून यजमानाकडे वळवले. बीजाणू दोघांच्याही त्वचेत शिरतात; एकात ते वेढले जाऊन थोपवले जातात, दुसऱ्यात स्नायू पोखरत आत जातात.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या प्रतिपिंडांची निर्मिती तापमानावर अवलंबून असते. गारठलेल्या पाण्यात ती आणखी संथ होते. तोपर्यंत झुंज द्यावयाची ती जन्मजात प्रतिकारव्यवस्थेने. मेचनिकॉफ यांच्या भक्षक पेशी अशा रीतीने मत्स्यरोगशास्त्रात परत आल्या.

ओळख पटवणारी जनुके

परत येताना त्या एक नवे उत्तर घेऊन आल्या. शत्रू पूर्वी कधी पाहिलेला नसताना भक्षक पेशीला तो शत्रू आहे हे कसे कळते, हा मूळ प्रश्न होता. येल विद्यापीठातील चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये असा तर्क मांडला की सूक्ष्मजीवांच्या शरीरातील काही ठरावीक, सहसा न बदलणाऱ्या रेणूंचे साचे ओळखणारे ग्राही प्राण्यांत उपजतच असले पाहिजेत. पुरावा अनपेक्षित दिशेने आला. फळमाशीच्या भ्रूणाची पाठ-पोट अशी रचना ठरवणारे 'टोल' नावाचे जनुक १९८५ पासून ज्ञात होते. १९९६ मध्ये ब्रुनो लेमेत्र, ज्यूल्स हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या जनुकाचा मार्ग निकामी असलेली प्रौढ माशी बुरशीच्या संसर्गाने मरते. लगेच १९९७ मध्ये मेझितोव्ह आणि जेनवे यांना मानवात टोलसदृश ग्राही आढळला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरात 'टीएलआर ४' हा ग्राही जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडची जाणीव करून देतो, हे सिद्ध केले. हॉफमन व बॉयटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जेनवे त्यापूर्वीच २००३ मध्ये निवर्तले होते.

माशांमध्ये हा शोध २००३ मध्ये फुगू आणि २००४ मध्ये झेब्रामासा यांच्या जनुकसंचातून पुढे सरकला. मानवात असे दहा ग्राही आहेत. झेब्रामाशात त्यांची जनुके वीसच्या आसपास भरली. मानवात नसलेले काही ग्राही माशांत आहेत, त्यांतील 'टीएलआर २२' विशेष महत्त्वाचा. फुगूमधील अभ्यासात तो विषाणूंच्या द्विसूत्री आरएनएला पेशीच्या पृष्ठभागावरच ओळखतो असे आढळले. उलटपक्षी सस्तन प्राण्यांना घातक ठरणारे लिपोपॉलिसॅकराइड मासे मोठ्या प्रमाणात पचवतात, हे १९६० च्या दशकापासून माहीत होते. झेब्रामाशाचा 'टीएलआर ४' त्या रेणूला ओळखत नाही असे २००९ मध्ये दिसून आले, आणि प्रश्न मिटला असे वाटले. २०२१ मध्ये त्याचा हरवलेला मानला गेलेला साहाय्यक प्रथिन-रेणू झेब्रामाशात सापडल्याने तो पुन्हा उघडला. सस्तन प्राण्यांवरील निष्कर्ष माशांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतात हे काम मुख्यत्वे भुवनेश्वरला झाले. २०१० नंतरच्या काही वर्षांत मृणाल सामंत व सहकाऱ्यांनी रोहू, कटला आणि मृगळ यांतील टीएलआर २, ३, ५ व २२, तसेच पेशीच्या आत पहारा देणारे 'नॉड १' व 'नॉड २' या ग्राहींची जनुके वेगळी करून त्यांचा क्रम दिला. एरोमोनास हायड्रोफिला आणि एडवर्डसिएला टार्डा या जीवाणूंचा संसर्ग केल्यानंतर यकृत, वृक्क, कल्ले, आतडे अशा अवयवांत ही जनुके किती वाढतात, हे मोजण्यात आले. २०१६ मध्ये त्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने क्रिस्पर तंत्राने रोहूचे 'टीएलआर २२' जनुक खंडित करून दाखवले; एखादा ग्राही खरोखर काय करतो हे त्याच्या अभावातून तपासण्याची सोय त्यामुळे झाली. मागुरापुरते बोलायचे तर दिल्ली विद्यापीठात शिबनाथ मजुमदार यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या अग्रवृक्कातील महाभक्षी पेशी एरोमोनासच्या संसर्गात कशा मरतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला.

या यादीत नागपूर नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००० मध्ये नागपुरात स्थापन झाले आणि तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालय २००७ मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या काळात जगभर माशांच्या ग्राही जनुकांची पहिली मोजदाद पूर्ण होत आली होती, त्या काळात येथे पदवीची पहिली तुकडी बसत होती. मोघे यांच्या परंपरेतील प्राणिशास्त्र विभाग आणि नवे मत्स्यविज्ञान एकाच शहरात असूनही त्यांची विद्यापीठे निराळी, अभ्यासमंडळे निराळी. कृमी एकीकडे आणि मासा दुसरीकडे, अशी ही वाटणी झाली.

नावे चुकली तर

ग्राही जनुकांचे काम आधुनिक आणि वर्गीकरण कालबाह्य, असा समज महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे. गेल्या काही वर्षांतील घटना त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

पहिली साक्ष खुद्द मागुराची. मोघे यांच्यापासून पुढे शेकडो भारतीय लेखांत या माशाला 'क्लॅरियस बॅट्रॅकस' म्हटले गेले. एन्ग आणि कोटेलाट यांनी २००८ मध्ये दाखवले की लिनियसचे ते नाव जावाच्या माशाचे आहे. भारतीय उपखंडातील मासा निराळा असून हॅमिल्टनने १८२२ मध्ये दिलेले, लोकभाषेतील नावच वैज्ञानिक नाव करणारे 'मागूर' हे त्याचे खरे नाव होय. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०२१ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पुढाकाराने 'क्लॅरियस मागूर' याच नावाने प्रसिद्ध झाला. जुन्या नावाखाली जनुककोशात शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दोन वेगळ्या माशांचे क्रम एकत्र येण्याचा धोका त्यामुळे उरतोच. भरीस बाजारातील 'थाई मागूर' हा वास्तविक आफ्रिकेतील 'क्लॅरियस गॅरिपिनस' आहे. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली, तरी तो चोरट्या मार्गाने येत राहिला. देशी मागूर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त ठरला आहे. ढिवर मच्छीमाराला या दोहोंतील फरक हाताला कळतो. प्रयोगशाळेतील नळीत काढलेल्या आरएनएवर तो लिहिलेला नसतो.

दुसरी साक्ष जीवाणूंची. एडवर्डसिएला टार्डा या नावाने माशांतून वेगळ्या केलेल्या कित्येक वाणांना २०१३ नंतर 'एडवर्डसिएला पिसिसिडा' ही स्वतंत्र जाती मानण्यात आले. ग्राही एखाद्या जीवाणूला प्रतिसाद देतो असे म्हणताना तो जीवाणू नेमका कोणता, हे पुन्हा तपासावे लागते. मूळ वाण जपून ठेवला असेल तरच ते शक्य होते.

आणि तिसरी बाब लायटोसेस्टसची, जी अद्याप साक्ष म्हणून उभीच राहिलेली नाही. टोलसदृश ग्राहींचे ज्ञान प्रामुख्याने जीवाणू, विषाणू व बुरशी यांच्या संदर्भात उभे राहिले. कृमीला आतडे कसे ओळखते हे मात्र माशांतच नव्हे तर सस्तन प्राण्यांतही पुरते उलगडलेले नाही. इटलीतील फेरारा विद्यापीठाच्या बहराम देझफुली यांनी २०११ मध्ये टेंच माशाच्या आतड्यातील 'मोनोबोथ्रियम' या कृमीभोवती स्तंभ पेशी व श्वेतपेशींची दाटी दाखवली. हा कृमी कॅरिओफिलिड गटातलाच, म्हणजे मोघे यांच्या कृमीचा जवळचा नातलग. मागुरातील 'जोम्बांगिया' हा दुसरा कॅरिओफिलिड तर आतड्याची भित्तिका भेदून गाठी निर्माण करतो, तर लायटोसेस्टस तितका खोल जात नाही. एकाच माशाच्या एकाच आतड्यात एक पाहुणा जखम करतो आणि दुसरा बव्हंशी खपवून घेतला जातो. कोणते ग्राही कोणत्या कृमीपाशी जागे होतात याची तुलना करण्यासाठी याहून सोयीची जोडी शोधून सापडणे कठीण. २०११ च्या फेरमांडणीने दोन्ही जातींची नावे निश्चित केली आहेत, यजमानाचा जनुकसंच उपलब्ध आहे, आणि पहिल्या कृमीचे मूळ स्थान नागपूर आहे.

यात एक व्यावहारिक अडचण सांगितली जाते, ती विच्छेदनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१४ मध्ये पूर्णतः प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन थांबवले. त्यासोबत विद्यार्थ्याला सहज कृमी सापडण्याचा मार्गही बंद झाला. परंतु मोघे यांच्या मागुराप्रमाणेच आजचाही मागूर बाजारात जिवंत येतो. हवेतून श्वास घेणारा असल्याने तो टोपलीत तासन्‌तास तगतो आणि गिऱ्हाईकासमोरच कापला जातो. मृत्यूनंतर काही मिनिटांत विघटित होऊ लागणारा आरएनए मिळवण्यास इतके ताजे आतडे बर्फावरच्या रोहूत मिळत नाही. मासे साफ करणाऱ्याच्या घमेल्यात पडणाऱ्या त्या आतड्यातून कृमी, तो चिकटलेल्या जागेचा तुकडा आणि ओळख पटवण्यापुरता माशाचा पर, ही तिन्ही एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या कुपीत जाऊ शकतात.